कोर्ट उठेपर्यंत शिक्षा

रानजाई
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या मामांना ती नऊ वर्षं आणि वर काही महिने चढावी लागली. शेवटच्या तारखेला वहिनीला ताप होता म्हणून गेल्या महिन्यात त्यांच्यासोबत मी गेले.

डिसेंबर २०१५. मामेभाऊ डेअरीत दूध घालून रिकाम्या किटल्या घेऊन मोटरसायकलवर परत येत होता. पिकअपने मागून उडवलं आणि न थांबता निघून गेला. चालक दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून पोलीस ठाण्यात हजर झाला आणि दुपारी जामिनावर घरी गेला. आम्ही दादाला अजून अग्नीही दिला नव्हता.

तर गेल्या महिन्यात निकाल लागला. आरोपी दोषी. शिक्षा: कोर्ट उठेपर्यंत साधी कैद आणि सहा हजार रुपये दंड. मला वाटलं, काहीतरी ऐकायचं चुकलं. वकिलांच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, तर ते म्हणाले, "म्हणजे आज संध्याकाळी साहेब उठेपर्यंत त्यानं इथंच बसायचं."

आणि तो बसला. मागच्या बाकावर, भिंतीला टेकून. मोबाइल शिपायाकडे दिला होता. दोनच्या सुट्टीत त्याने चहाला जाऊ का विचारलं, शिपाई म्हणाला, जाऊ नका, मागवून घ्या. चहा आला. पावणेसहाला न्यायाधीश उठले, सगळे उभे राहिले, तोही राहिला, हात जोडले, मोबाइल घेतला आणि गेला. मामांनी मला विचारलं, "मग शिक्षा कधीपासून सुरू?"

त्याच दिवशी त्याच कोर्टात तुरुंगाच्या गाडीतून एक पोरगा आणला होता. वीस-बावीसचा असेल. विहिरीवरची पाण्याची मोटर चोरली म्हणून सात महिने आत होता. त्याने गुन्हा कबूल केला, साहेबांनी भोगली तेवढीच शिक्षा देऊन सोडलं. मोटरीला सात महिने आणि माझ्या भावाला पावणेसहापर्यंत.

मला कुणाला शिव्या घालायच्या नाहीयेत. फक्त समजून घ्यायचं आहे. हे ठरतं कसं? काही कोष्टक असतं, की त्या दिवशी समोर बसलेल्या माणसाला वाटेल ते?

मधुकाका
निबंध लिहायला सांगितला नाही हे काय कमी आहे?

खारे_दाणे
काका, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षणच. पुण्यात अर्थ हिंदीतून घेतला असेल. :)

रानजाई, वाचून सुन्न झालो. मामांच्या प्रश्नाला उत्तर नाही.

गोफण
या देशात कायदा फक्त गरिबाला आहे. असल्या लोकांना भरचौकात बांधून फोडलं पाहिजे, दोन-चार जणांना फोडलं की बाकीचे सरळ येतात. शिवाजी महाराजांच्या काळात झाली असती का हिंमत?

खारे_दाणे
महाराजांच्या काळात पिकअप नव्हत्या, गोफणराव.

काळा_कोट
तालुका कोर्टात सतरा वर्षं वकिली करते आहे, फौजदारीच जास्त. रानजाईताई, तुम्ही जे पाहिलंत ते आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी दिसतं. आता जरा उलगडून सांगते.

तो मोटर चोरणारा पोरगा आत का होता आणि पिकअपवाला बाहेर का? जुन्या भारतीय दंड संहितेत चोरी, कलम ३७९, अजामीनपात्र. हयगयीने मृत्यू, कलम ३०४ अ, जामीनपात्र. जामीनपात्र म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्क, पोलीस ठाण्यातच मिळतो. अजामीनपात्र म्हणजे मिळतच नाही असं नाही, पण कोर्टाच्या मर्जीवर. त्या पोराला जामीन बहुधा पहिल्या पंधरा दिवसांतच मंजूर झालेला असणार. पण जामीनदार आणायचा कुठून? जामीनदाराचा सातबारा लागतो, नाहीतर तहसीलचा ऐपतीचा दाखला. सात महिन्यांत त्याच्यासाठी सातबारा घेऊन कुणी आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे त्याची शिक्षा निकालाच्या आधीच भोगून झाली होती, कोर्टाने शेवटी तिच्यावर शिक्का मारला.

आता कोष्टक. नाही. ३०४ अ ची भाषा आहे "दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही". सगळी गंमत त्या "पर्यंत" शब्दात आहे. वरची मर्यादा ठरलेली, खाली तळच नाही. कोर्ट उठेपर्यंतची कैद हीसुद्धा कायद्याने कैदच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली प्रेमसागर खटल्यात स्वतःच लिहून ठेवलंय की शिक्षा ठरवण्याची तत्त्वं आपल्याला विकसित करता आलेली नाहीत. त्याच्या आधी, २००३ मध्ये, न्या. मळीमठ समितीने शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं ठरवायला वेगळी समिती नेमा असं सुचवलं होतं. पुढे काय झालं ते विचारू नका.

गोफण
म्हणजे शेवटी मी म्हणतो तेच, गरिबाला एक आणि श्रीमंताला एक.

काळा_कोट
पिकअपवाला श्रीमंत होता असं रानजाईताई कुठे म्हणाल्या? सातबारावाला आणि बिनसातबाऱ्याचा म्हणा हवं तर.

शिरस्तेदार
नमस्कार. जिल्हा न्यायालयातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. हातात कागद नसला की झोप येत नाही म्हणून इथे येतो.

काळा_कोट यांनी कायदा सांगितला, मी बोर्ड सांगतो. एका फौजदारी न्यायाधीशासमोर रोज साठ-सत्तर प्रकरणं लागलेली असत. त्यात जबाब, आरोपनिश्चिती, वॉरंट, मुद्देमाल परत मागण्याचे अर्ज. शिक्षेवर युक्तिवाद म्हणजे दीड मिनिट. वकिलाची कॅसेट ठरलेली: आरोपी तरुण आहे, पहिलाच गुन्हा आहे, म्हातारे आई-वडील आहेत, घरात एकटा कमावता आहे. सरकारी वकील म्हणणार, जास्तीत जास्त शिक्षा व्हावी. झालं. मेलेल्या माणसाच्या घरी कोण कोण आहे हे विचारणारा त्या दीड मिनिटात कुणीच नसतो. त्याचे आई-वडीलही म्हातारेच असतात.

आणि दिरंगाई हीच आरोपीच्या बाजूने जमा होते, हे बघून मला नेहमी चीड यायची. निकालात वाक्य असायचं की आरोपीने इतकी वर्षं तारखांना हजर राहून मानसिक त्रास भोगला आहे. पहिल्या चार वर्षांतल्या निम्म्या तारखा त्याच्याच वकिलाने मागितलेल्या असत!

अजून एक. एक साहेब होते, ३०४ अ म्हटलं की सहा महिने, ठरलेलं. त्यांच्या जागी आलेले दंडावर सोडायचे. तीच इमारत, तीच खुर्ची. काही वकील मंडळी बदल्यांची यादी निघेपर्यंत तारखा मागत बसायची, आणि आम्हाला ते कळायचं. दोन्ही न्यायाधीश प्रामाणिक होते, हे मात्र सांगतो. एकाचा धाकटा भाऊ अपघातात गेलेला, दुसऱ्याचे वडील एसटीत ड्रायव्हर. त्यांचं हे कधी कुणी बोलून दाखवलं नाही, पण ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

मधुकाका
शिरस्तेदार, हा प्रतिसाद चौकटीत लावून ठेवण्यासारखा. दंडवत.

पानसुपारी
+१

अवांतर: कॅसेट म्हणणारे अजून आहेत हे बघून बरं वाटलं.

चालकपुत्र
मला इथे थोडं वेगळं बोलायचं आहे. शिव्या पडतील, पडू देत.

माझे वडील टेम्पो चालवायचे. महामार्गावर रात्री साडेदहाला एक गृहस्थ दुभाजक ओलांडून अचानक पुढे आले. उजेड नव्हता. वडील थांबले, त्यांना टेम्पोत घातलं, सरकारी दवाखान्यात नेलं, तिथूनच पोलिसांना फोन केला. गृहस्थ पहाटे गेले. वडिलांवर ३०४ अ. अकरा वर्षं चालली केस. परवाना किती महिने जप्त, टेम्पो पोलीस ठाण्याच्या आवारात गंजला, पावसाळ्यात त्यात कुत्री व्यायली होती. पहिल्या वकिलाला पैसे दिले तो वारला, दुसऱ्याला पुन्हा दिले. अर्धा एकर विकला. शेवटी कोर्टाने दंड करून सोडलं. वर शिरस्तेदार काकांनी ज्या वाक्यावर चीड आली म्हटलं, "तारखांना हजर राहून त्रास भोगला", ते आमच्या निकालातही होतं. ते वाक्य वाचून बाप पहिल्यांदा रडला. कुणीतरी लिहून दिलं होतं ना की त्रास झाला.

रानजाईताई, तुमच्या भावाचा चालक पळून गेला, माझा बाप थांबला. दोघांना कलम तेच आणि शिक्षाही जवळपास तीच. माझा राग त्यावर आहे. किमान दोन वर्षं शिक्षा करा म्हणाल तर ती माझ्या बापालाही झाली असती.

गोफण
तुमचे वडील चांगले असतील हो, पण अपवादावर कायदा चालत नाही.

चालकपुत्र
अपवाद कुठला? जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला तेव्हा पेट्रोल पंपावर तुम्हीही रांगेत असालच. तो कशासाठी होता? नव्या न्याय संहितेत कलम १०६ (२) आलं: अपघात करून न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत. सरकारने ते पोटकलम थांबवून ठेवलं, १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हाही ते सोडून. चालक म्हणतात, थांबलो तर जमाव मारतो. तुमच्यासारखे चौकात बांधून फोडणारे असतात म्हणूनच पळतात लोक.

खारे_दाणे
गोफण उलटली.

रानजाई
चालकपुत्र, शिव्या कशाला पडतील? तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. थांबला असता तर दादा वाचला असता का, हे आम्हाला कधीच कळणार नाही. डॉक्टर म्हणाले होते, रक्त फार गेलं. त्या पिकअपवाल्याने दवाखान्यात नेलं असतं आणि त्याला सहा हजार दंड झाला असता, तर मला वाटतं मामा काही बोलले नसते.

टेम्सकाठी
इंग्लंडमध्ये कोष्टक आहे. इथल्या न्यायालयात दुभाषी म्हणून मधूनमधून काम मिळतं, त्यामुळे जवळून बघितलंय. २०१० पासून सेंटेन्सिंग कौन्सिल आहे. प्रत्येक गुन्ह्याचा तक्ता: दोष किती गंभीर, नुकसान किती, त्यावरून सुरुवातीचा आकडा, मग कमी-जास्त करायची कारणं. पळून गेला की वाढ. पहिल्याच संधीला गुन्हा कबूल केला तर एक तृतीयांश सूट. न्यायाधीश हे गणित मोठ्याने वाचून दाखवतो. मी ज्याच्यासाठी भाषांतर करत होते तो गुजराती गृहस्थ माझ्या कानात म्हणाला, हा तर किराणा दुकानासारखा हिशोब करतोय. धोकादायक वाहन चालवून मृत्यूला २०२२ पासून जन्मठेपेपर्यंत जाता येतं, आधी चौदा वर्षं होती. शिक्षा फारच कमी वाटली तर काही ठरावीक गुन्ह्यांत कुणीही, अगदी कुणीही, २८ दिवसांत ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाला ती तपासायला सांगू शकतो.

मग इथले लोक खूश आहेत का? छे. तुरुंग भरले म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये बऱ्याच कैद्यांना ४० टक्के शिक्षा भोगून झाली की सोडायला सुरुवात केली. दाराशी शॅम्पेन उडवणाऱ्यांचे फोटो पेपरात. तेव्हा माझी शेजारीण अगदी गोफण यांच्या सुरात बोलत होती, फक्त शिवाजी महाराजांच्या जागी व्हिक्टोरिया राणी.

पानसुपारी
भारतात कोष्टक आणलं तर पहिल्या आठवड्यात त्याचं गाइड निघेल. "संभाव्य शिक्षा, उत्तरांसह".

करवीरकर
तुम्ही लहान गुन्ह्यांचं बोलताय, मोठ्या गुन्ह्यांतही तेच आहे. आमच्या कोल्हापूरच्या गावित बहिणींचं प्रकरण आठवा. लहान मुलं पळवून मारली. २००१ साली सत्र न्यायालयाने फाशी दिली, ती वरपर्यंत कायम राहिली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कारण? दयेचा अर्ज निकाली काढायला सरकारने लावलेला प्रचंड उशीर. पुण्याच्या २००७ च्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खून प्रकरणातही तेच. जून २०१९ ची फाशीची तारीख निघाली होती, पण उशिराच्या मुद्द्यावर ३५ वर्षांची कैद झाली. फाइल टेबलावर पडून राहिली म्हणून शिक्षा बदलली! मी फाशीच्या बाजूचा किंवा विरोधाचा म्हणून बोलत नाही. पण फाइल पुढे न सरकवणारा तो कारकून कोण, त्याला काय झालं?

शिरस्तेदार
कारकुनाला काही होत नसतं. अनुभवाने सांगतो.

नर्मदाकाठची
फाशीचा विषय आलाच आहे म्हणून. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने "विरळातील विरळ" ही कसोटी दिली. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कबूल केलं की ती कसोटी सगळीकडे सारखी लावली गेलेली नाही. मला तरी याचा अर्थ असा वाटतो की विसंगती असताना कठोर शिक्षा जास्त धोकादायक, कारण ती परत घेता येत नाही. सहा हजार दंडाची चूक निदान दुरुस्त तरी होऊ शकते. (होते का, हे काळा_कोट सांगतील.)

गोफण
आल्या मानवाधिकारवाल्या.

नर्मदाकाठची
आले. चहा टाका.

संपादक मंडळ
फाशी हवी की नको यावर जुना ४०० प्रतिसादांचा धागा आहे, तो वाद तिकडे नेणे. इथे मूळ विषयाला धरून लिहावे.

मधुकाका
मी निबंधाचा विनोद केला खरा, पण नंतर वाटलं, त्या प्रकरणात नक्की काय झालं हे आपल्याला धड माहीत नाही. कुणी सांगेल का?

काळा_कोट
काका, १९ मे २०२४ ची पहाट, कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा पोर्शे चालवत होता, दोन तरुण इंजिनिअर गेले. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध. म्हणजे निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. लोकांना तीच शिक्षा वाटली, आणि त्यात लोकांची चूक आहे असंही मी म्हणणार नाही. नंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, मुलाला निरीक्षणगृहात ठेवलं, जूनमध्ये उच्च न्यायालयाने तिथून सोडलं. जुलै २०२५ मध्ये त्याला प्रौढ समजून खटला चालवायची मागणी मंडळाने फेटाळली. १६ ते १८ वयाच्या मुलाला प्रौढ समजायचं तर गुन्हा "घृणास्पद" वर्गात बसावा लागतो, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा. सदोष मनुष्यवधाच्या कलमात किमान शिक्षाच नाही. परत तेच, "पर्यंत".

चालकपुत्र
म्हणजे तळ नसल्याचा फायदा वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या कारणांनी होतो. माझ्या बापालाही झाला, हे मी नाकारत नाही.

काळा_कोट
अगदी. आता नर्मदाकाठची यांचा प्रश्न: दुरुस्त होते का. होते, कधीकधी. वांद्र्याचं कार्टर रोड प्रकरण, नोव्हेंबर २००६. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले. सत्र न्यायालयाने ३०४ अ खाली सहा महिने दिले. ओरड झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २००७ मध्ये सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं दिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि वर म्हटलं की तीन वर्षं ही शिक्षा अपुरीच आहे, पण वाढ मागणारं अपील सरकारने केलेलंच नाही, म्हणून आम्ही त्यात जात नाही. आता शेजारी दिल्लीचं १९९९ चं बीएमडब्ल्यू प्रकरण ठेवा. सहा मृत्यू. तेही २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयात संपलं, तेही सदोष मनुष्यवधच, पण तिथे भोगलेली शिक्षा पुरेशी धरली आणि ५० लाख भरायला आणि दोन वर्षं समाजसेवा करायला सांगितलं. कलम एक, न्यायालय एक, साल एक.

२०१५ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात उच्च न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा भरपाईच्या बदल्यात २४ दिवसांवर आणली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने सहा महिने केली आणि ३०४ अ ची शिक्षा पुन्हा तपासा असं कायदा करणाऱ्यांना सुचवलं. नव्या संहितेत ती पाच वर्षांपर्यंत झाली. पर्यंत!

करवीरकर
भोपाळचा निकाल विसरू नका. १९८४ ची दुर्घटना, जून २०१० मध्ये निकाल, त्याच ३०४ अ खाली दोन वर्षं, आणि त्याच दिवशी जामीन. हजारोंच्या मृत्यूला आणि रानजाईंच्या भावाला कलम एकच.

पानसुपारी
हे वाचून गप्पच झालो.

नाक्यावरचा
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. पण दंडाचे सहा हजार कुणाला मिळतात? घरच्यांना?

शिरस्तेदार
दंड सरकारजमा. त्यातून किंवा वेगळी भरपाई घरच्यांना द्यावी असा आदेश न्यायाधीश करू शकतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७. २०१३ मध्ये गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की भरपाई द्या किंवा देऊ नका, पण विचार केला हे कारणांसकट लिहा. कितीजण लिहितात? मी निवृत्त माणूस, मला विचारू नका. विम्याचे पैसे मोटार अपघात न्यायाधिकरणातून मिळतात, तो खटलाच वेगळा.

रानजाई
विम्याचे पैसे २०१९ मध्ये मिळाले, त्यातून वहिनीने शिलाईचं दुकान टाकलं. भरपाईबद्दल त्या दिवशी कोर्टात काही ऐकल्याचं आठवत नाही.

काळा_कोट ताई, कार्टर रोडचं वाचून विचारते. आम्हाला वरच्या कोर्टात जाता येईल का? पावणेसहावरून निदान सहा महिन्यांवर?

काळा_कोट
सरळ सांगते. शिक्षा कमी वाटते म्हणून अपील करायचा हक्क घरच्यांना नाही. २००९ च्या दुरुस्तीने पीडिताला अपिलाचा हक्क मिळाला तो तीन गोष्टींसाठी: आरोपी सुटला, हलक्या गुन्ह्यात दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी दिली. शिक्षा अपुरी हे त्यात नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. वाढ मागायचं अपील फक्त सरकार करू शकतं. त्यासाठी जिल्हा सरकारी वकिलांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आशा फार ठेवू नका.

दुसरा रस्ता पुनरीक्षण अर्ज, आम्ही रिव्हिजन म्हणतो. शिक्षा योग्य आहे की नाही हे सत्र न्यायालयाने तपासावं अशी विनंती. मुदत ९० दिवस. त्यात भरपाईचा मुद्दाही घ्या, विचारच केलेला नसेल तर तो मला जास्त भक्कम वाटतो. निकाल लागून किती दिवस झाले?

रानजाई
आज चौतीस.

काळा_कोट
मग आहे वेळ. आधी निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. नक्कल विभागात अर्ज करा. काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पुढचं बोलू नये. पळून जाण्याबद्दल निकालात काय आहे ते खास बघा. चालकपुत्र यांनी वर जो फरक सांगितला, थांबलेला आणि पळालेला, तो जर निकालात कुठे नसेल, तर तुमच्या अर्जाचा पहिला परिच्छेद तोच.

गोफण
ताई, काही मदत लागली तर सांगा. माझा चुलतभाऊ जिल्हा कोर्टात टायपिस्ट आहे. नक्कल लवकर काढून देईल.

खारे_दाणे
गोफणराव, चौकात न बांधता?

गोफण
गप रे.

चालकपुत्र
रानजाईताई, कोर्टात उभं राहायची वेळ आली आणि थांबलेल्या चालकाचं उदाहरण द्यावंसं वाटलं, तर आमच्या निकालाची नक्कल माझ्याकडे आहे. बापाने लॅमिनेट करून ठेवलीये. विचारून देतो.

रानजाई
सगळ्यांचे आभार, खरंच. नक्कल आली. सात पानं. काल मामांना वाचून दाखवली. पळून जाण्याबद्दल एक ओळ आहे: आरोपी दुसऱ्या दिवशी स्वतःहून हजर झाला. ती शिक्षा कमी करण्याच्या कारणांत आहे. भरपाईबद्दल काहीच नाही. मामांनी ती ओळ परत वाचायला लावली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "रात्रभर कुठं होता ते नाही लिहिलं?"

सोमवारी जाते आहे वकिलांकडे. चालकपुत्र, वडिलांना विचारा.